चार पाईपांची गोष्ट

“ताई, उद्या मी तुम्हाला ओळखणार नाही हं,” केतकी फोनवर म्हणाली.

माझे हात कणकेत होते. रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला होता. मला हसू आलं.

“बरं बाई. मग मीही तुला ओळखणार नाही.”

“चेष्टा नाही करत मी. पॅनेलवर मी आहे, डॉयलसाहेब आहेत आणि एचआरची एक बाई. उमेदवार ओळखीचा निघाला की इथे लगेच पॅनेलवरून उठवतात. मी उठले तर तुमच्या बाजूनं बोलायला कोण उरेल?”

“तेही खरंच.”

“मिसेस हिंगमिरे म्हणेन. राग मानू नका.”

“राग कसला त्यात? तू समोर बसलेली असलीस की झालं.”

फोन ठेवून मी पुन्हा कणकेला लागले. दिगंबर, म्हणजे माझा नवरा, टेबलाशी बसून डब्यासाठी काकडी चिरत होता. सोलापुरात तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. टोरांटोत मोटारींच्या सीट शिवायच्या कारखान्यात होता.

“काय म्हणते तुझी मानलेली लेक?”

“उद्या ओळख दाखवायची नाही म्हणते.”

“छान. सवय लागलेली बरी,” तो म्हणाला आणि काकडी चिरत राहिला.

दिगंबरला केतकी आवडत नसे. खरं म्हणजे ती जिथे मला भेटली ते आमचं सर्कलच त्याला आवडत नसे. लष्कराच्या भाकऱ्या, एवढाच त्याचा शेरा. पण त्या संध्याकाळी त्यानं माझ्या बुटांना पॉलिश करून ठेवलं, कारण उद्याच्या मुलाखतीवर काय अवलंबून आहे ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

मी पाटबंधारे खात्यात उपअभियंता होते. सोलापूर जिल्ह्यातले कालवे, ओढे, त्यावरचे छोटे पूल, यात माझी अकरा वर्षं गेली. टोरांटोत मी एका बँकेच्या तळघरात पाकिटं लावत होते. इथे इंजिनिअर म्हणून परवाना हवा तर इथल्या परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली वर्षभर काम करायचं. ते काम मिळवायला इथला अनुभव हवा. आणि अनुभव मिळवायला ते काम हवं. परीक्षा मी सगळ्या पास झाले होते, पण त्या वर्षाअखेर काम मिळालं नाही तर माझी फाइल बंद होणार होती आणि परीक्षांसकट सगळं पुन्हा पहिल्यापासून. चाळिशी उलटलेली. पुन्हा पहिल्यापासून म्हणजे कधीच नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि केतकीच्या कंपनीत जागा निघाली होती ती नेमकी रस्त्यांखालून पाणी काढायच्या कामाची. देवानं माझं नाव घालून जाहिरात द्यावी तशी.

सर्कल म्हणजे साउथ एशियन प्रोफेशनल्स सर्कल. साउथ एशियन हा शब्द मी इथे आल्यावर पहिल्यांदा ऐकला. सोलापुरात कुणीही साउथ एशियन नव्हतं. तिथे माणसं आपापल्या पेठेची आणि आपापल्या जातीची होती, आणि भांडायला तेवढं पुरत होतं. टोरांटोत मात्र एका सरकारी नोकरी-मार्गदर्शन वर्गात लाहोरचे इफ्तिखारभाई, जाफन्याचे सिवराजा आणि मी शेजारी-शेजारी बसलो. आमच्या निम्म्या वयाच्या एका मुलीनं आम्हाला हात कसा मिळवायचा ते शिकवलं. इफ्तिखारभाई लाहोरला मोठ्या ऑडिट फर्मचे मालक होते आणि इथे एका पार्किंगच्या खिडकीत बसत. वर्ग सुटल्यावर बाहेर बर्फात उभं राहून ते म्हणाले, “आपा, हात मिळवायला तर आपणच एकमेकांना शिकवू. या पोरीला कशाला त्रास?”

तिथून सर्कल सुरू झालं. स्कारबरोच्या एका ग्रंथालयाच्या तळघरात दर शनिवारी आम्ही जमायचो. आधी तिघं, मग वीस, मग खुर्च्या कमी पडायला लागल्या. खाण्यावरून पहिले काही महिने महायुद्ध झालं. कुणाला हलाल हवं, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाला तिखटाशिवाय घास उतरत नाही. शेवटी उकडलेले हरभरे आणि चहा यांवर चार देशांचा तह झाला. एक नियम इफ्तिखारभाईंनी पहिल्या दिवशीच घातला होता. ओळख करून देताना आपण इथे काय करतो ते सांगायचं नाही, तिकडे काय होतो ते सांगायचं. टॅक्सीवाला उठून उभा राहायचा आणि म्हणायचा, मी हृदयरोगतज्ज्ञ. कुणी हसायचं नाही. त्या तळघरात मी आठवड्यातून दोन तास पुन्हा उपअभियंता असायचे, आणि उरलेला आठवडा त्यावर ढकलायचे.

माझ्याकडे खातं आलं ते मुलाखतींच्या सरावाचं. मी दिगंबरचा कोट घालायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्यायचे आणि मिसेस व्हिटेकर व्हायचे. मिसेस व्हिटेकर आमच्या घरमालकीण, आमच्या फोडणीच्या वासानं तीनदा पोलिसांना बोलावलेल्या. त्यांचा आवाज मला हुबेहूब यायचा. “वेल, आणि हे सोला-पूर नक्की आहे तरी कुठे?” असं मी म्हटलं की तळघर खो-खो हसायचं आणि समोर बसलेल्याला घाम फुटायचा.

आपली माणसं हुशार. पण आपण सगळे गाइडावर वाढलेलो. उत्तर पाठ असलं की सिंह, नसलं की शेळी. आणि एका प्रश्नाला तर सगळ्यांचीच शेळी व्हायची. ‘वरिष्ठांशी मतभेद झाला असा एक प्रसंग सांगा.’ कराचीचे एक औषधवाले म्हणाले, “मॅडम, असला बेशिस्तपणा मी जन्मात केलेला नाही.” ढाक्याचे एक बँकवाले म्हणाले, “माझे साहेब मला वडिलांसारखे होते,” आणि त्यांचे डोळे भरून आले. इथल्या माणसाला हे ऐकून वाटायचं की या प्राण्याला स्वतःचं मतच नाही.

म्हणून मी माझी गोष्ट नमुना म्हणून सांगायला लागले. एका ओढ्यावर रस्त्यासाठी छोटा पूल बांधायचा होता. कागदावर दोन पाईप मंजूर होते, म्हणजे पुराचं पाणी रस्त्याखालून जायला सिमेंटचे दोन मोठे पाईप. मला दोन कमी वाटत होते. साहेब म्हणाले, मंजूर दोनच आहेत. मी वाद घातला नाही. भर उन्हात त्यांना जीपमध्ये घालून ओढ्यावर नेलं आणि काठची बाभूळ दाखवली. ओढा कोरडा ठाक, आणि माझ्या डोक्याच्याही वर, बाभळीच्या काट्यांत, गेल्या पुराचं सुकलेलं गवत अडकलेलं. साहेबांनी मान वर करून ते गवत पाहिलं आणि म्हणाले, “चार टाका.”

गोष्ट संपली की सगळे हलकेच ‘वा’ म्हणायचे. मी दर वेळी बजावायचे, “हा नमुना आहे. यात आपापला प्रसंग घाला.” पण ऐकतो कोण? ढाक्याच्या बँकवाल्यांनी पुलाच्या जागी बँकेची शाखा घातली आणि बाभूळ तशीच ठेवली.

केतकी रांगणेकर आली तेव्हा तिला एक वाक्य धड बोलता येत नव्हतं. अकोल्याची मुलगी. तिथे वर्षभर एका ऑफिसात ड्रॉइंगं काढलेली, लग्न होऊन इथे आलेली. तिचा नवरा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर असायचा. ती शनिवारी सरावाला यायची आणि माझ्याबरोबरच घरी जेवायला यायची. पुढे शनिवारची वाट पाहीनाशी झाली.

“ताई, मला साहेब होता कुठे भांडायला?” ती म्हणायची. “आमचे साहेब म्हणजे गरीब गाय. मी ड्रॉइंग नेलं की ते सही करायचे.”

“मग कॉलेजातलं सांग काहीतरी. पण स्वतःचं सांग.”

तिला त्या कंपनीत नोकरी लागली त्या दिवशी मी शिरा केला होता. विचारलं, काय सांगितलंस गं? “सांगितलं काहीतरी कॉलेजातलं,” ती म्हणाली आणि माझ्या पाया पडली. सर्कलमधून खरोखरची इंजिनिअर झालेली ती पहिलीच. दोन वर्षांत तिला बढती मिळाली. आम्ही सगळे फुशारलो होतो, मी सगळ्यांत जास्त. दिगंबर म्हणाला होता, “आपलं नाही धड नि शेजाऱ्याचा कढ.” मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

तर ती मुलाखत. उंच इमारत, काचेची खोली, खाली गोठलेलं सरोवर. बर्फाचे बूट काढून मी दिगंबरनं चमकवलेले बूट घातले आणि आत गेले. डॉयलसाहेब लांबलचक, घरी विणल्यासारखा स्वेटर घातलेले, चेहऱ्यानं भला माणूस. शेजारी एचआरची बाई. आणि टोकाला केतकी.

“गुड मॉर्निंग, मिसेस हिंगमिरे,” केतकी म्हणाली. ठरल्याप्रमाणे तिनं मला ओळखलं नाही. छान जमलं तिला ते.

पहिला अर्धा तास मी हवेत होते. डॉयलसाहेबांनी एका वळणावरच्या रस्त्याचा नकाशा पुढे केला, पाणी कुठून काढाल म्हणाले. मी पेन्सिल घेतली. किती वर्षांनी कुणी मला पाण्याबद्दल विचारत होतं. मी बोलत गेले, ते खुर्ची पुढे ओढून ऐकत गेले. एकदा तर त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेऊन माझ्याच रेघेवर रेघ मारली, जशी आपण कामावरच्या माणसाची घेतो. मला वाटलं, झालं. मिळाली.

मग एचआरच्या बाईनं कागदाकडे पाहून विचारलं, “वरिष्ठांशी मतभेद झाला असा एखादा प्रसंग सांगाल?”

मी जवळजवळ हसले. केतकीकडे पाहणं मोठ्या कष्टानं टाळलं. म्हटलं, बाई, हा प्रश्न तू नेमका कुणाला विचारलास ते तुला ठाऊक नाही. आणि मी सांगायला लागले. ओढा, दोन पाईप, जीप, ऊन. बाभळीपाशी आले तेव्हा डॉयलसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी गवतापर्यंत आले, चार पाईपांपर्यंत आले आणि थांबले.

खोलीत कुणी ‘वा’ म्हणालं नाही.

“मिसेस हिंगमायर,” डॉयलसाहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “ही गोष्ट मला फार आवडते. केतकीनं मला ती सांगितली त्याच दिवशी मी तिला घ्यायचं ठरवलं. घरी जाऊन बायकोला सांगितली. काट्यांत अडकलेलं गवत! मग गेल्या वर्षी एका गृहस्थांनी सांगितली. नंतर आणखी एकांनी. तुमच्या लोकांत एकमेकांना मदत करायची रीत आहे, मला ठाऊक आहे, चांगलीच आहे ती. पण केतकीची गोष्ट केतकीच्याच समोर सांगायची, हे मात्र मी पहिल्यांदा पाहिलं.”

मला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि मी केतकीकडे पाहिलं.

ती समोरच्या कागदाकडे पाहत होती. पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. मी थांबले. मला वाटलं, शब्द जुळवते आहे. घाबरली की तिला शब्द जुळवायला वेळ लागतो, मीच तिला शिकवलं होतं, घाई करू नकोस, आधी श्वास घे.

“ती माझी गोष्ट आहे,” शेवटी मीच म्हणाले. “तो पूल माझा होता.”

डॉयलसाहेब तिच्याकडे वळले. “केतकी?”

तिनं श्वास घेतला. म्हणाली, “आपण पुढचा प्रश्न घेऊ या का?”

आता कुणीही म्हणेल, मी तिथल्या तिथे सगळं का नाही सांगितलं? हिला मी ओळखते, ही माझ्या घरी दोन वर्षं जेवलीय, हिनं माझ्या तोंडचं उचलून तुम्हाला विकलंय. जिभेवर आलं होतं. पण परक्यासमोर कुणाची अब्रू काढणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती खोटी ठरली असती तर ते गेल्या वर्षीचे दोघंही खोटे, सर्कल खोटं, आणि डॉयलसाहेबांनी पुन्हा आमच्यातल्या कुणाला दारात उभं केलं नसतं. आदल्या दिवशी मी तिला न ओळखण्याचं कबूल केलं होतं, तेही होतंच. हे सगळं मला त्या क्षणी सुचलं, आणि नोकरी मात्र समोरून जात होती. मग मी एकच गोष्ट करू शकत होते ती केली. खरं सांगितलं.

“गोष्ट तिथे संपत नाही,” मी म्हणाले. “साहेबांनी गवत पाहिलं आणि काही न बोलता जीपमध्ये जाऊन बसले. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली. पूल दोन पाईपांचाच झाला. दुसऱ्या वर्षी ओढ्याला पाणी आलं आणि पुलासकट रस्ता गेला. गावातले ढोबळे गुरुजी सायकलवरून शाळेत निघाले होते, ते गेले. मी त्यांना ओळखत होते. पुलाची मापं घ्यायला गेले की ते मला शाळेतून पाणी पाठवायचे.”

हे मी दिगंबरशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलाखतीला शेवट गोड लागतो म्हणून तळघरात मी चार पाईप टाकले होते. लोक खूश व्हायचे, मलाही बरं वाटायचं. निदान त्या तळघरात तरी गुरुजी शाळेत पोचत होते.

केतकीनं पहिल्यांदा मान वर केली. हे तिनं ऐकलेलं नव्हतं. आता तरी ती बोलेल असं मला वाटलं.

डॉयलसाहेब हळूच म्हणाले, “पण आत्ताच तुम्ही सांगितलंत की साहेब म्हणाले, चार टाका.”

“हो.”

“आता शेवट बदलला.”

एचआरच्या बाईनं कागदावर काहीतरी लिहिलं. केतकीनं पुढचा प्रश्न विचारला. मी त्याचं उत्तरही दिलं. काय दिलं ते मला आठवत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला.

“ताई, नाही झालं.”

“कळलं होतं मला.”

“तुमच्या नकाशाच्या उत्तराचं फार कौतुक केलं डॉयलनी. खरंच. ताई, ऐकताय ना? मी तेव्हा बोलले असते तर माझी नोकरी गेली असती. आणि माझी गेली म्हणून तुम्हाला मिळाली असती, असं थोडंच आहे? दोघींचंही गेलं असतं. तुम्हीच विचार करा.”

“कॉलेजातलं सांगितलं म्हणाली होतीस.”

तिचा आवाज बदलला. चिडला.

“आणि तुम्ही तरी तीच कशाला सांगितलीत, ताई? सगळ्या गावाला वाटलेली गोष्ट. अकरा वर्षं नोकरी केलीत तुम्ही. तुमच्याकडे काय एकच गोष्ट होती?”

“हो,” मी म्हणाले. “तशी एकच होती.”

तिनं विषय बदलला. म्हणाली, “उद्या येताय ना? शाल तुमच्याच हातून घेणार, असं मी इफ्तिखारभाईंना कधीच सांगून ठेवलंय.”

दुसऱ्या दिवशी सर्कलचा वार्षिक मेळावा होता आणि केतकीचा सत्कार. सर्कलमधून घडलेली पहिली इंजिनिअर. हे महिन्यापूर्वीच ठरलं होतं आणि तिचं नाव सुचवलं होतं मी.

“आयत्या बिळावर नागोबा,” दिगंबर म्हणाला. “आणि तू त्याला दूध घेऊन निघालीस. जाऊ नकोस.”

“जाणार. सर्कल मी उभं केलंय, तिनं नाही.”

खरं कारण ते नव्हतं. मला वाटत होतं, तिथे डॉयल नाही, एचआर नाही, नोकरीची भीती नाही. तिथे सगळे आपले. तिथे ती म्हणेल. एक वाक्य म्हणेल, की ही गोष्ट ताईंची. ती नोकरी आता मिळणार नव्हती, पण तेवढं एक वाक्य मला हवं होतं. भिकारणीसारखं हवं होतं.

युक्रेनियन लोकांचं एक सभागृह भाड्यानं घेतलं होतं. दोनशेच्या वर माणसं. तळघरातल्या हरभऱ्यांच्या जागी आता केटररची बिर्याणी होती, आणि इफ्तिखारभाईंच्या नियमाची कुणाला आठवण नव्हती. गळ्यातल्या बिल्ल्यांवर नाव आणि खाली कंपनी. माझ्या बिल्ल्यावर नावाखाली ‘संस्थापक’ छापलं होतं, कारण बँकेच्या तळघराला काय म्हणायचं ते छापणाऱ्याला सुचलं नसेल. आज, इतक्या वर्षांनी, ते सर्कल केवढं झालंय. डाउनटाउनला ऑफिस आहे, मंत्री येतात. मी त्याच बँकेच्या त्याच तळघरातून निवृत्त झाले. फाइल त्या डिसेंबरात बंद झाली, नियमाप्रमाणे.

सत्काराला शाल म्हणून इफ्तिखारभाईंनी कराचीहून मागवलेली अजरक होती आणि सिवराजांच्या ओळखीच्या दुकानातला नारळ. मी ती लाल-निळी अजरक केतकीच्या खांद्यावर टाकली. ती वाकून पाया पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचे हात गार होते.

मग ती माइकपाशी गेली आणि बोलली. छान बोलली, मीच शिकवलेलं, आधी श्वास, मग वाक्य. आपण एकमेकांना धरून राहिलं पाहिजे म्हणाली. मुलाखतीत आत्मविश्वास महत्त्वाचा म्हणाली. माझं नावही घेतलं, इफ्तिखारभाई आणि सिवराजा यांच्या मधे. ताईंच्या हातची आमटी विसरणार नाही, म्हणाली.

आमटी.

ती खाली उतरणार तेवढ्यात इफ्तिखारभाईंना लहर आली. त्यांना काहीच माहीत नव्हतं, मी कुणालाच सांगितलं नव्हतं. “थांबा थांबा,” ते माइकवर म्हणाले. “आमच्या मिसेस व्हिटेकरांनी पास केल्याशिवाय कुणाला खाली सोडत नाही. आपा, या वर. शेवटची मुलाखत होऊन जाऊ दे.”

जुनी माणसं हसायला लागली. कुणीतरी ‘व्हिटेकर, व्हिटेकर’ असा घोष सुरू केला. मी चढले. इफ्तिखारभाईंनी आपला कोट काढून माझ्या खांद्यावर घातला. मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि मिसेस व्हिटेकरांच्या आवाजात, सावकाश, केतकीच्या डोळ्यांत पाहून विचारलं, “वेल, माय डिअर. वरिष्ठांशी मतभेद झाला असा एक प्रसंग सांगाल?”

सभागृह फुटलं हसून. फक्त आम्ही दोघी हसत नव्हतो. मी तिला आणखी एक संधी देत होते आणि ते तिला कळलं होतं. तिचे ओठ हलले. मला शपथेवर वाटतं, त्या क्षणी ती बोलणार होती.

मग तिनं समोरच्या गर्दीकडे पाहिलं आणि ती हसली.

“ही गोष्ट मला सर्कलनं दिली,” ती माइकवर म्हणाली. “तुम्हा सगळ्यांनी दिली. चला, सगळे मिळून सांगू या. एक ओढा होता…”

“एक ओढा होता,” दोन-चार आवाज आले. मग दहा-वीस. उर्दू वळणाची इंग्रजी, तमिळ वळणाची, बंगाली वळणाची. कागदावर दोन पाईप होते. साहेब म्हणाले, मंजूर दोनच आहेत. मी वाद घातला नाही. लोक उभे राहिले होते, टेबलावर ठेका धरत होते, पोरासोरांना वर उचलून घेत होते. ज्यांनी आयुष्यात ओढा पाहिला नव्हता ते हात उंच करून बाभूळ दाखवत होते. ढाक्याचे बँकवाले सगळ्यांत मोठ्यानं. इफ्तिखारभाईंनी माझा हात धरला होता आणि त्यांचे डोळे ओले होते. त्यांना वाटत होतं, हा माझा सत्कार चाललाय.

मी कोट त्यांना परत दिला आणि पायऱ्या उतरून खाली आले. मागच्या खुर्च्यांजवळ एक बाई उभी होती, सिलहटची दंतवैद्य, रुमाना. त्याच महिन्यात आलेली, अजून नोकरी शोधणारी. तीही डोळे मिटून, पोथी म्हणावी तशी म्हणत होती. साहेबांनी मान वर करून गवत पाहिलं. आणि साहेब म्हणाले…

“चार टाका!” सभागृह गर्जलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

“दोन टाकले,” मी म्हणाले. मोठ्यानं नाही, पण तिला ऐकू गेलं.

रुमानानं डोळे उघडले. माझ्या दंडावर प्रेमानं हात ठेवला.

“नाही आपा, चार,” ती म्हणाली. “माझं पाठ आहे.”